रेम्ब्रांटचे दिवाळे आणि कारकुनाची यादी

कचेरीतल्या याद्यांचा कलेच्या इतिहासाशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. डच चित्रकार रेम्ब्रांटचे चरित्र या समजाला छेद देते. १६३९ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्याने ॲम्स्टरडॅममध्ये १३,००० गिल्डरांचे घर हप्त्यांवर घेतले. चित्रे, शिल्पे, शंखशिंपले, शस्त्रे जमविण्याचा नादही जबर. हप्ते थकले आणि १६५६ मध्ये त्याने दिवाळे जाहीर केले. तेव्हा कारकुनाने खोली-खोली फिरून ३६३ नोंदींची यादी केली. घर, संग्रह, सारे लिलावात गेले. तरी कर्ज फिटले नाही. पुढे मुलगा टायटस व सहचरी हेंड्रिक्ये यांनी १६६० मध्ये चित्रव्यापाराची भागीदारी करून त्यालाच नोकरीस ठेवले. हेतू हा, की नवी कमाई धनकोंच्या हाती पडू नये. याच सुमारास त्याने मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली; उत्तरायुष्यातील थोर आत्मचित्रेही याच ओढग्रस्तीतली. १६६९ मध्ये तो भाड्याच्या, बेनाम थडग्यात विसावला.

१९११ पासून ते घर संग्रहालय आहे आणि त्यातील खोल्या आज त्याच यादीबरहुकूम सजविल्या आहेत. धनकोंसाठी केलेली नोंद वारसा ठरली. जुनी दप्तरे रद्दीत काढणाऱ्या आपल्या कचेऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.