मान्यता न मागणारी शाळा

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना आर्यसमाज परका नाही. पंडित आत्मारामजींना सयाजीराव महाराजांनी 1908 साली पंजाबातून बोलावून अंत्यजांच्या शाळांचे काम त्यांच्याकडे सोपवले, ही हकीकत आमच्या घरी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात नेहमी येई. त्याच पंजाबातले, त्याच समाजाचे स्वामी श्रद्धानंद म्हटले की बहुतेकांना आठवतो तो दिल्लीचा चांदणी चौक, आणि 1919 सालच्या मार्चमध्ये गुरख्यांच्या संगिनींपुढे छाती उघडी करून उभा राहिलेला भगव्या वस्त्रांतला पुरुष. प्रसंग मोठाच खरा. पण मला त्यापूर्वीच्या पंधरा वर्षांचे कुतूहल अधिक वाटते. तेव्हा ते संन्यासी झालेले नव्हते. लोक त्यांना महात्मा मुन्शीराम म्हणत, आणि गंगेपलीकडच्या जंगलात ते एक शाळा चालवीत होते.

मुन्शीरामांचा जन्म 1856 चा, जालंधर जिल्ह्यातल्या तलवन गावचा. वडील पोलीस खात्यात, नोकरी संयुक्त प्रांतात. त्यामुळे बालपण काशी, बरेली अशा गावांतून गेले. तरुणपणी मद्य, मांस, नास्तिकपणा सगळे झाले. हे मी पदरचे सांगत नाही. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात काही न लपवता लिहिले आहे. 1879 साली बरेलीस स्वामी दयानंदांची व्याख्याने ऐकली आणि मनाची घडी बदलू लागली. पुढे जालंधरात वकिली चांगली चालली.

दयानंदांच्या स्मरणार्थ लाहोरास 1886 मध्ये दयानंद अँग्लो-वैदिक शाळा निघाली. तिने सरकारी विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेतला. परीक्षेचे निकाल उत्तम लागत, मुलांना नोकऱ्या मिळत. पण वेद आणि संस्कृत यांना त्या वेळापत्रकात जागा थोडीच उरे. या प्रश्नावर, आणि मांसाहाराच्या वादावर, 1893 च्या सुमारास पंजाबच्या आर्यसमाजात उभी फूट पडली. मुन्शीराम वेगळ्या शिक्षणाच्या पक्षाचे पुढारी झाले. विद्यापीठाची मान्यता घेतली की अभ्यासक्रमही विद्यापीठाचाच घ्यावा लागतो, असे त्यांचे साधे गणित होते. तीस हजार रुपये जमेपर्यंत घरात पाऊल टाकायचे नाही अशी प्रतिज्ञा करून ते वर्गणीला बाहेर पडले, आणि ती पुरी करूनच परतले.

1900 साली गुजरांवाल्यास आरंभ झाला. मुन्शी अमनसिंह यांनी आपले कांगडी गाव दान दिले तेव्हा 1902 च्या मार्चमध्ये गुरुकुल तेथे गेले. हरिद्वारासमोर गंगेच्या पूर्व तीरावरचे हे रान. वाघाची, हत्तीची वस्ती. पहिल्या मुलांत मुन्शीरामांचे स्वतःचे दोन मुलगे होते, हरिश्चंद्र आणि इंद्र. आई त्यांना पूर्वीच अंतरली होती. ही एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या शाळेची पदवी सरकारदरबारी कवडीमोलाची, तिच्यात दुसऱ्यांची मुले घालण्यापूर्वी या वकिलाने आपली घातली. पुढे छापखाना दिला, जालंधरचे राहते घरही दिले.

मूल सात-आठ वर्षांचे असताना येई आणि पंचविशीच्या आसपास स्नातक होऊन बाहेर पडे. मधल्या काळात घरी जाणे नाही. हा नियम मला आजही कठोर वाटतो, आणि त्या आयांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. शिक्षण मात्र केवळ पाठांतराचे नव्हते. वेद व व्याकरण यांच्या जोडीला इंग्रजी, इतिहास, रसायन. आणि वरच्या वर्गांपर्यंत माध्यम हिंदी. हिंदीत शास्त्रविषयांची पुस्तके नव्हती, म्हणून तेथल्या अध्यापकांनी ती लिहिली. आपल्या कलाभवनात प्राध्यापक गज्जरांनी 1890 नंतर देशी भाषेतून शास्त्र शिकवण्याचा जो खटाटोप केला, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कामाचे वजन सांगायला नको.

सरकारला संशय आला. अनुदान नाही, तपासनीस नाही, जंगलात शेकडो तरुण मुले कसरत करतात, म्हणजे काय चालले असेल! गुप्त पोलिसांचे डोळे गुरुकुलावर लागले. मुन्शीरामांनी दारे लावली नाहीत. ज्याला पाहायचे त्याने यावे. 1913 साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जेम्स मेस्टन स्वतः आले, आणि पुन्हा येत राहिले. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले रॅम्से मॅक्डोनल्ड येऊन राहिले व त्यांनी विलायतेत त्याविषयी आदराने लिहिले. 1916 मध्ये खुद्द व्हाइसरॉय चेम्सफर्ड आले. ज्या शाळेने मान्यतेसाठी अर्ज केला नाही, तिच्या दारी मान्यता देणारेच पाहुणे म्हणून आले; पण विद्यापीठाशी जोडून घेण्याचा विचार मुन्शीरामांनी केला नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहासाठी येथल्या मुलांनी धरणाच्या कामावर मजुरी करून पैसे पाठवले. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातली मुले हिंदुस्थानात आली तेव्हा काही दिवस त्यांचा मुक्काम येथेच होता, आणि 1915 च्या कुंभात गांधीजीही आले.

1912 साली पहिले स्नातक बाहेर पडले. त्यांत हरिश्चंद्र व इंद्र होते. सरकारी नोकरीची वाट बंदच होती. कोणी अध्यापक झाले, कोणी पत्रकार. जयचंद्र विद्यालंकार, सत्यकेतु विद्यालंकार ही हिंदी इतिहासलेखनातली नावे याच शाळेची. त्या नावांपुढचे विद्यालंकार म्हणजे गुरुकुलाची पदवी, हे आता अनेकांना माहीत नसते, आडनावच वाटते.

1917 मध्ये मुन्शीरामांनी संन्यास घेतला आणि गुरुकुलाची सूत्रे सोडली. 1924 च्या महापुरात गंगेने कांगडीच्या इमारती नेल्या. संस्था अलीकडच्या काठावर, हरिद्वाराजवळ, नव्याने उभारावी लागली. दोन वर्षांनी, 23 डिसेंबर 1926 रोजी, दिल्लीत आजारातून उठत असता अंथरुणावरच त्यांची हत्या झाली.

गुरुकुलास विद्यापीठाचा दर्जा सरकारने 1962 साली दिला. वडिलांमागे ज्यांनी त्या संस्थेचा भार वाहिला, ते इंद्र विद्यावाचस्पती त्याआधी दोन वर्षे, 1960 मध्ये वारले होते.