जेलीफिशचे केस

आपल्या धाराशिवला समुद्र नाही. जेलीफिश बघायची ती चित्रातच! मग एर्न्स्ट हेकेलची बघा.

हा जर्मन शास्त्रज्ञ १८३४ साली पॉट्सडॅमला जन्मला. शिकला डॉक्टरकी, पण जीव रमला समुद्री जीवांत. १६ फेब्रुवारी १८६४ रोजी, नेमक्या त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, बायको ॲना सेथे गेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. भूमध्य समुद्राकाठी एका जेलीफिशच्या तंतूंत त्याला तिचे केस दिसले. पुढे आणखी एका जेलीफिशला त्याने तिचं पूर्ण नाव दिलं, डेस्मोनेमा ॲनासेथे. १८६७ मध्ये दुसरं लग्न झालं होतं, तरीही!

तिचं चित्र त्याच्या शंभर चित्रांच्या संचात (१८९९-१९०४) आहे. मोकळ्या सोडलेल्या केसांसारखे तंतू वळणं घेत खाली उतरतात. नजर हटत नाही. पण हेच तंतू डंख मारतात हे आठवलं की अंगावर काटा येतो.

१८८१ मध्ये सिलोनला जाताना तो मुंबईत उतरला, कार्ल्याची लेणीही बघून गेला. माणसांच्या वंशांची त्याने लावलेली उतरंड मात्र मुळीच पटण्यासारखी नाही. १९१९ मध्ये येना इथे तो वारला.

आणि हो, सिव्हिलवाल्यांनो, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वार रेने बिने याने हेकेलच्याच सूक्ष्मजीवांच्या चित्रांवरून उभारलं होतं!