गवंड्याच्या हालचाली मोजणारा : फ्रँक गिल्ब्रेथ

घराचें बांधकाम चालू असतां गवंडी कसें काम करतो, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याच्या पायाशीं विटांचा ढीग असतो. तो वांकतो, वीट उचलतो, ती हातांत फिरवून तिची चांगली बाजू पाहतो, थापीनें चुना पसरतो, वीट बसवितो, थापीच्या मुठीनें तिला दोन ठोके देतो, आणि पुनः वांकतो. हजारों वर्षें भिंती अशाच उठत आल्या. त्यांत कांहीं उणें आहे असें सहसा कोणास वाटलें नाहीं. अमेरिकेंतील एका सतरा वर्षांच्या उमेदवारास मात्र तें वाटलें. त्याचेंच हें चरित्र आहे.

फ्रँक बंकर गिल्ब्रेथ याचा जन्म ता. ७ जुलै १८६८ रोजीं मेन संस्थानांतील फेअरफील्ड या गांवीं झाला. बाप लोखंडी सामानाचा व्यापारी होता. परंतु फ्रँक तीन वर्षांचा असतांनाच तो वारला. आईनें मुलांच्या शिक्षणाकरितां गांव सोडलें व पुढें बोस्टन शहरीं बिऱ्हाड केलें. मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध शिल्पशास्त्र विद्यालयाची प्रवेशपरीक्षा फ्रँक उत्तीर्ण झाला होता. तरीही कॉलेजांत न जातां इ. स. १८८५ सालीं तो एका बांधकाम कंपनींत वीटकाम शिकण्यास राहिला.

पहिल्याच दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. त्यास शिकविणारा गवंडी शिकवितांना एका रीतीनें वीट लावी, सावकाश काम करतांना दुसऱ्या रीतीनें, आणि घाईच्या वेळीं तिसऱ्याच रीतीनें. दुसऱ्या गवंड्याची तऱ्हा याहूनही निराळी. मग यांतील खरी रीत कोणती? हा प्रश्न विचारून त्यानें वडील गवंड्यांस पुरतें त्रस्त करून सोडलें असावें. समाधानकारक उत्तर कोणाकडूनच मिळेना, तेव्हां तो स्वतःच हालचाली मोजूं लागला. एका विटेस सुमारें अठरा हालचाली लागतात, आणि त्यांतील बहुतेकांचा भिंतीशीं कांहीं एक संबंध नाहीं, असें त्यास आढळून आलें.

उपाय ऐकून हसूं येईल इतका साधा आहे. पांच पौंडांची वीट उचलण्यासाठीं माणूस दीडशें पौंडांचें स्वतःचें शरीर खालीं नेतो व पुनः वर आणतो, आणि हें दिवसांतून शेंकडों वेळां करतो. तेव्हां माणसानें विटेकडे वांकण्यापेक्षां वीटच माणसाच्या हाताशीं कां आणूं नये? गिल्ब्रेथ यांनीं एक परांची तयार केली. भिंत वाढेल तसतशी ती थोडी थोडी वर चढवितां येई. तिच्यावर विटा व चुना ठेवण्यास कमरेच्या उंचीवर फळी होती. विटा निवडून, चांगली बाजू एकीकडे करून, लांकडी चौकटींत रचून देण्याचें काम बिगाऱ्यांकडे सोंपविलें, म्हणजे गवंड्यास वीट फिरवून पाहण्याचें कारण उरलें नाहीं. चुना योग्य तितका सैल कालवला म्हणजे नुसत्या हाताच्या दाबानें वीट बसते, ठोके नकोत. एका हातानें वीट व त्याच क्षणीं दुसऱ्या हातानें चुना, अशी संवय लावली. अठरा हालचालींच्या साडेचार-पांच झाल्या. आणि ताशीं १२० विटा लावणारा गवंडी ३५० विटा लावूं लागला. आणि दिवस मावळतांना त्याची पाठ पूर्वीइतकी दुखत नसे. माझ्या मतें ही शेवटची गोष्टच सर्वांत महत्त्वाची होय.

इ. स. १८९५ सालीं गिल्ब्रेथ यांनीं स्वतंत्र कंत्राटें घेण्यास आरंभ केला, व थोड्याच वर्षांत झपाट्यानें इमारती उभारणारा कंत्राटदार म्हणून त्यांचें नांव झालें. इ. स. १९०४ मध्यें कॅलिफोर्नियांतील लिलियन मोलर या सुशिक्षित तरुणीशीं त्यांचा विवाह झाला. लिलियनबाईंनीं पुढें मानसशास्त्राचा अभ्यास करून डॉक्टरची पदवी मिळविली. यापुढील सर्व काम त्या दोघांचें आहे, जरी कित्येक पुस्तकांवर एकट्या पतीचेंच नांव छापलेलें दिसतें.

त्या काळीं फ्रेडरिक टेलर नांवाचे एक इंजिनियर हातांत घड्याळ घेऊन कामकऱ्यांचा वेळ मोजीत असत. गिल्ब्रेथ प्रथम त्यांचे चाहते होते. टेलर यांनींही १९११ च्या आपल्या ग्रंथांत या वीटकामाचें सविस्तर वर्णन केलें आहे. पण पुढें दोघांत अंतर पडलें. घड्याळ किती वेळ लागला तें सांगतें. तो कशांत गेला तें सांगत नाहीं. म्हणून इ. स. १९१२ सालीं प्रॉव्हिडन्स येथील एका कारखान्यांत गिल्ब्रेथ यांनीं चलच्चित्रांचा कॅमेरा आणला. चित्रांतच एक घड्याळ ठेवीत. तें मिनिटाचा दोनहजारावा भाग दाखवी. कामकऱ्याच्या बोटास लहानसा विजेचा दिवा बांधून त्याच्या हाताचा मार्ग प्रकाशाच्या रेषेनें टिपीत. शोधणें, निवडणें, धरणें, नेणें, वाट पाहणें अशीं हातांच्या कामाचीं मूळ अंगें त्यांनीं ठरविलीं, आणि आपलेंच आडनांव उलट फिरवून त्यांस थर्ब्लिग असें नांव दिलें. पुढें जपानांतील टोयोटा मोटार कारखान्यांत ताइइची ओनो यांनीं अपव्ययाचे जे सात प्रकार गणले, त्यांत निरर्थक हालचाल हा एक आहे. आज ‘लीन’ या नांवानें सर्वत्र शिकविली जाणारी कार्यपद्धति त्या कारखान्यांतून निघाली. पण तिचें एक मूळ बोस्टनच्या या परांचीपर्यंत पोहोंचतें.

कामकरी मात्र साशंक असत, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं. तिप्पट काम झालें, पण त्याचा लाभ कोणाचा? मालकानें सारा नफा घेऊन तितक्याच मजुरीवर माणसास अधिक राबविलें, तर ही सर्व विद्या जुलमाचें साधन होईल. गिल्ब्रेथ पतिपत्नींनीं या प्रश्नास आपल्या परीनें उत्तर दिलें. १९१६ सालीं त्यांनीं थकव्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. कामाच्या जागीं बसण्यास योग्य उंचीची खुर्ची, पुरेसा उजेड, आणि दर थोड्या वेळानें ठराविक विश्रांति यांचा त्यांनीं आग्रह धरला. विश्रांति हा आळस नसून कामाचाच एक भाग आहे, हें त्या काळच्या मालकांच्या गळीं उतरविणें सोपें नव्हतें. प्रत्येक मालकाला तें पटलें असें मात्र म्हणवत नाहीं.

शस्त्रक्रियेच्या दालनांतही ते गेले. शस्त्रवैद्य स्वतःच हत्यारें शोधीत बसे व तितका वेळ रोगी तसाच पडून राही. नर्सनें मागितलेलें हत्यार थेट वैद्याच्या हातांत द्यावें, ही आज सर्वत्र दिसणारी रीत रूढ होण्यास त्यांच्या चलच्चित्रांचें साहाय्य झालें. पहिल्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या सैनिकांना कोणतें काम कसें करतां येईल, याचाही त्यांनीं अभ्यास केला.

आणि घर! गिल्ब्रेथ दांपत्यास बारा अपत्यें झालीं. त्यांतील मेरी ही मुलगी १९१२ सालीं घटसर्पानें दगावली. इतरांच्या संसाराच्या गमती त्यांच्याच दोन मुलांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत आहेत. न्हाणीघरांत तक्ता टांगलेला असे. दांत घासले, वजन केलें, गृहपाठ झाला कीं प्रत्येक मुलानें त्यावर सही करावी. आंघोळ होईतों फोनोग्राफवर फ्रेंच व जर्मनचे पाठ चालत. घरकामाची वांटणी कौटुंबिक सभेंत होई. स्वतः गिल्ब्रेथ जाकिटाच्या गुंड्या खालून वर लावीत, कारण त्यास तीन सेकंद लागत आणि वरून खालीं सात. दोन वस्तऱ्यांनीं एकदम दाढी केली तर ४४ सेकंद वांचतात असें त्यांनीं शोधून काढलें. पण पुढें गळ्यावर पट्टी बांधण्यांत दोन मिनिटें गेल्यामुळें तो प्रयोग सोडून दिला. एकदां कित्येक मुलांच्या घशांतील गांठी घरींच काढवून त्या शस्त्रक्रियांचें चित्र घेण्याचा घाट घातला. सर्व उरकल्यावर कळलें कीं चित्रकारानें कॅमेऱ्याच्या भिंगावरील टोपणच काढलें नव्हतें.

इतरांच्या थकव्याचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या या गृहस्थांनीं स्वतःच्या शरीराचा हिशेब तितक्या काळजीनें ठेवला नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें. १९१८ सालीं सैन्यांत मेजर असतांना ओक्लाहोमा येथें ते अत्यवस्थ झाले. त्यांतून वांचले, पण हृदय कायमचें दुबळें झालें. तरी प्रवास, व्याख्यानें व कारखाने चालूच राहिले. ता. १४ जून १९२४ रोजीं न्यू जर्सींतील माँटक्लेअर स्टेशनावर घरीं टेलिफोनवर बोलत असतांना ते कोसळले. वय अवघें ५५ वर्षांचें होतें.

लंडन व प्राग येथील परिषदांस ते लौकरच जाणार होते. थोड्याच दिवसांत लिलियनबाई मुलांना घरीं ठेवून एकट्या जहाजावर चढल्या आणि पतीचें काम त्यांनीं तेथें पुरें केलें. परत आल्यावर बायकांनाही इंजिनियरिंगची कामें सहसा न देणाऱ्या त्या काळांत त्यांनीं अकरा मुलांचा संसार चालविला. स्वयंपाकघरांत ओटा, चूल व कपाटें अशीं मांडावीं कीं बाईची पायपीट कमी व्हावी, या विषयांत त्यांनीं मोठें काम केलें. १९४० नंतरच्या दशकांत त्यांनीं आणखी एक स्वयंपाकघर योजिलें. त्यांत बसून काम करतां येई, वांकावें लागत नसे, जड वस्तु उंच ठेवलेल्या नसत. तें हृदयविकार जडलेल्या गृहिणींसाठीं होतें.