मैदानाबाहेरचा जिम थॉर्प

होस्टेल सोडून घरी पळून जावंसं कधी ना कधी आपल्या सगळ्यांनाच वाटतं. जिम थॉर्प खरोखरच पळायचा! अमेरिकेतल्या सॅक अँड फॉक्स जमातीतला हा मुलगा. लहानपणीच जुळा भाऊ चार्ली न्यूमोनियाने गेला. तेव्हापासून निवासी शाळेत जिमचं मन लागेना. पुढे आई गेली. १९०४ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईलच्या शाळेत आला आणि त्यानंतर लवकरच वडीलही गेले.

तिथे पॉप वॉर्नर या कोचने त्याला घडवलं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं त्याने जिंकली. पण १९१३ मध्ये ती काढून घेण्यात आली. कारण काय, तर १९०९-१० च्या उन्हाळ्यात तो थोड्याशा पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. तक्रारीची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती, तरी निर्णय फिरला नाही.

पुढे त्याचा छोटा मुलगा गेला. दारू वाढली, संसार मोडले. मंदीच्या काळात या विश्वविजेत्याने मजुरीही केली. १९५३ मध्ये तो वारला. पदकं परत देण्याचा निर्णय झाला १९८२ मध्ये, आणि एकमेव विजेता म्हणून नाव लागलं थेट २०२२ मध्ये. न्याय मिळाला, पण ते बघायला तो नव्हता.

आपल्या टीममधला एखादा खेळाडू अचानक मेसला यायचा बंद झाला, तर त्याला मॅचचा स्कोअर नंतर विचारू. आधी तो कसा आहे, एवढं तरी विचारूया.