डॉ. इरावतीबाई कर्वे : एका सत्यनिष्ठ विदुषीचें चरित्र

आमच्या पुणें शहरांत पाषाण व गणेशखिंड या भागांत ज्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत, त्यांत सजीवांच्या पेशींतील आनुवंशिक लेख, म्हणजे ज्यास शास्त्रज्ञ जीनोम म्हणतात तो, वाचणारीं यंत्रें आहेत. सन २०२० मध्यें कोरोनाची महामारी आली, तेव्हां त्या विषाणूचा सुमारें ३०,००० अक्षरांचा लेख येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत व इतर संस्थांत वाचला गेला, आणि रोगानें कोणतें नवें रूप धारण केलें हें त्यावरून कळूं लागलें. हीं यंत्रें झपाट्यानें सुधारत आहेत. जुनें काढून नवें बसविलें कीं महिन्यांचें काम दिवसांत उरकतें. हा वेग पाहून आमच्या विद्यार्थ्यांचे डोळे दिपून जावे यांत नवल नाहीं. म्हणूनच, असें कोणतेंही यंत्र हाताशीं नसतां, केवळ एक परकारासारखें मापयंत्र घेऊन ज्यांनीं मनुष्याच्या आनुवंशिकतेचा शोध याच नगरींत वर्षानुवर्षें केला, त्या विदुषीचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इरावतीबाईंचा जन्म ता. १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत झाला. त्यांचे वडील गणेश हरि करमरकर हे तेथें कापसाच्या कंपनींत नोकरीस होते. त्या देशांतील महानदीवरूनच मुलीचें नांव ठेवण्यांत आलें. वयाच्या सातव्या वर्षीं तिला शिक्षणासाठीं पुण्यास हुजूरपागेच्या शाळेंत पाठविण्यांत आलें. येथें रँग्लर परांजपे यांच्या घरीं तिला आश्रय मिळाला, आणि विद्येचें वातावरण लहानपणींच लाभलें. सन १९२६ मध्यें फर्ग्युसन कॉलेजांतून तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या, व पुढें मुंबईस प्रो. घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ मध्यें त्यांनीं एम्. ए. ची पदवी मिळविली. त्यांचा विवाह महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे अध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशीं झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस इरावतीबाई जर्मनीस निघाल्या. स्त्रीशिक्षणासाठीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें त्या सासऱ्यांचाही या परदेशगमनास विरोध होता. परंतु पतीचा पाठिंबा होता, आणि डॉ. जीवराज मेहता यांजकडून खर्चासाठीं कर्ज मिळालें. बर्लिन येथें मानववंशशास्त्राची एक प्रसिद्ध संस्था होती, व तिचे प्रमुख प्रो. ऑयगेन फिशर हे होते. मनुष्याच्या कवटीची उजवी व डावी बाजू अगदीं सारखी नसते. ही असमानता युरोपीय लोकांत अधिक असावी, व ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण असावी, असें फिशर यांचें अनुमान होतें. तें तपासून पाहण्याचें काम या तरुण हिंदी विद्यार्थिनीकडे आलें.

विद्यार्थिमित्रांनो, या प्रसंगाचा क्षणभर विचार करा. देश परका, भाषा परकी, डोक्यावर कर्ज, आणि पदवी देणें न देणें ज्यांच्या हातीं त्या गुरूंना कोणतें उत्तर हवें आहे हेंही ठाऊक. अशा वेळीं आंकडा किंचित् इकडचा तिकडे करण्याचा मोह कोणास होणार नाहीं? इरावतीबाईंनीं युरोपीय व युरोपेतर अशा १४९ कवट्या एकामागून एक मोजल्या. जें माप आलें तेंच लिहिलें; आणि कवटीच्या या असमानतेचा वंशाशीं कांहींही संबंध दिसत नाहीं, असा स्पष्ट निष्कर्ष आपल्या प्रबंधांत मांडला. सन १९३० मध्यें त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या निष्कर्षाचें मोल पुढें कळून आलें. १९३३ मध्यें जर्मनींत हिटलरची सत्ता आली, तेव्हां वंशश्रेष्ठतेच्या त्याच कल्पनेनें कायद्याचें रूप घेतलें. आनुवंशिक दोष असल्याचें ठरवून सुमारें चार लक्ष माणसांचें सक्तीनें निर्बीजीकरण करण्यांत आलें, आणि पुढें लाखों यहुदी लोकांची हत्या झाली. शास्त्राच्या नांवानें खोटें माप वापरलें असतां केवढा अनर्थ ओढवतो, याचें याहून भयंकर उदाहरण इतिहासांत क्वचितच सांपडेल.

स्वदेशीं परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळांत त्यांनीं महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचें काम पाहिलें. पुढें १९३९ मध्यें येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजांत संशोधनसंस्था सुरू झाली, तेथें त्या अध्यापिका झाल्या, व निवृत्त होईपर्यंत तेथेंच राहिल्या. मापयंत्र पिशवींत घालून त्या खेडोपाडीं हिंडत. माणसांची उंची, डोक्याची लांबीरुंदी व नाकाची ठेवण मोजून वहींत टिपून घेत. डॉ. सांकलिया यांच्यासमवेत गुजराथेंत लांघणज येथील उत्खननांत त्यांनीं भाग घेतला; तेथें दगडी हत्यारांबरोबर प्राचीन मानवांचे सांगाडेही सांपडले. १९४७ मध्यें दिल्ली येथें भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या मानववंशशास्त्र विभागाचें अध्यक्षस्थान त्यांना मिळालें.

जसजसें शास्त्राचें साधन सुधारलें तसतसें त्यांनीं तें स्वीकारलें. माणसाचा रक्तगट आईबापांकडून ठरलेल्या नियमानें येतो. म्हणून डोक्याच्या मापापेक्षां तो आनुवंशिकतेचा अधिक भरंवशाचा साक्षी होय. महाराष्ट्रांतील आठ ब्राह्मण पोटजातींचा असा तौलनिक अभ्यास त्यांनीं आपल्या एका सहकाऱ्यासह १९६८ मध्यें प्रसिद्ध केला. एका नांवाखालीं मोडणाऱ्या पोटजाती म्हणजे एकाच मूळ समूहाचे तुकडे नव्हेत. निरनिराळे समूह कालांतरानें त्या एका नांवाखालीं एकत्र आले असावेत, असें त्यांचें प्रतिपादन होतें. स्वतः ज्या समाजांत त्यांचें आयुष्य गेलें, त्यासही त्यांनीं तोच मापदंड लावला. हिंदुस्थानांतील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्यें निघाला; महाभारतावरील 'युगान्त' या मराठी ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ता. ११ ऑगस्ट १९७० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यानंतर साधनांत जी क्रांति झाली ती त्यांना पाहावयास मिळाली नाहीं. १९७७ मध्यें इंग्लंडांत फ्रेडरिक सँगर यांनीं डीएनएचीं अक्षरें क्रमानें वाचण्याची सुलभ रीत शोधून काढली. परंतु तिनें एका वेळीं कांहीं शेंकडे अक्षरेंच वाचतां येत, आणि मनुष्याच्या लेखांत सुमारें तीनशें कोटि अक्षरें आहेत. तो लेख वाचण्याचा जागतिक प्रकल्प १९९० पासून २००३ पर्यंत, तेरा वर्षें, चालला. नंतरचीं यंत्रें कोट्यवधि तुकडे एकाच वेळीं वाचूं लागलीं, आणि तेंच काम आतां एकदोन दिवसांत होऊं शकतें. दुर्मिळ आनुवंशिक रोगानें पीडलेल्या तान्ह्या बाळास हा वेग म्हणजे जीवदानच ठरूं शकतो.

तथापि वेगानें सर्व साधतें असें नाहीं. डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं हरियाणांतील राखीगढी येथें सिंधुसंस्कृतीच्या काळचीं थडगीं खणलीं. तेथील ६१ सांगाड्यांचे नमुने तपासले, तेव्हां केवळ एका स्त्रीच्या अस्थींतून वाचण्याजोगा लेख हातीं आला, व तो २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. उत्तम यंत्रापुढेंही मनुष्याचें धैर्य व सावधगिरी यांवांचून गत्यंतर नसतें. नमुना अशुद्ध असेल तर यंत्र चुकीचें उत्तरही तितक्याच वेगानें देतें. आणि विचारणाऱ्याच्या मनांत पूर्वग्रह असेल, तर खऱ्या उत्तराचाही तो विपर्यास करतो.

यंत्रांनीं आजवर जें वाचलें त्यावरून कोणत्याही दोन मनुष्यांचे लेख शेंकडा सुमारें ९९.९ इतके सारखे असतात असें ठरलें आहे. आपण सर्व एका पित्याचीं लेंकरें आहों, असें ज्या शाळेंत रोज शिकविलें जातें, तेथील मुलांस हें ऐकून आनंद वाटेल. बर्लिनमधील त्या विद्यार्थिनीनें हातांतील मापयंत्रानें याच सत्याचा एक लहानसा अंश निर्भयपणें नोंदविला होता.

आमच्या शाळेंतील कित्येक मुलेंमुली उद्यां पाषाणच्या किंवा गणेशखिंडीच्या प्रयोगशाळांत काम करतील. त्यांच्या हातीं आजच्याहून शीघ्र यंत्रें येतील, आणि तीं कांहीं वर्षांत जुनींही होतील. परंतु जें दिसलें तेंच लिहावें, मग तें गुरूंस रुचो वा न रुचो, हा इरावतीबाईंचा बाणा जुना होणारा नव्हे. तो आमच्या विद्यार्थ्यांनीं अंगीं बाणवावा, आणि घरोघरच्या आईबापांनीं लहानसहान गोष्टींतही त्यांस खरें माप धरावयास शिकवावें, इतकीच आमची या प्रसंगीं विनंति आहे.