एकटीच टीम म्हणून उतरली आणि 22 जणींच्या क्लबला हरवून गेली

खामगाव असो, मेहकर असो की चिखली, बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर अशी एक तरी पोरगी सापडतेच. धावण्यात पहिली, लांब उडीत पहिली, गोळाफेकीतही तीच. मग सर तिला समजावतात की यातलं एक काहीतरी निवड.

अमेरिकेतल्या एका पोरीनं मात्र असं एक काही निवडलंच नाही. तिचं नाव मिल्ड्रेड डिड्रिक्सन. जग तिला बेब म्हणून ओळखतं.

26 जून 1911 ला टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरला तिचा जन्म झाला. आईवडील नॉर्वेहून आलेले, सात भावंडं, पैशांची ओढाताण. 1930 मध्ये डॅलसच्या एका विमा कंपनीनं तिला नोकरी दिली. कागदावर ती टायपिस्ट होती, पण कंपनीला ती हवी होती आपल्या बास्केटबॉल टीमसाठी. पुढच्याच वर्षी ती टीम राष्ट्रीय विजेती झाली.

खरा किस्सा 16 जुलै 1932 चा. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनमध्ये राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा होती. ऑलिम्पिकची निवडही तिथेच होणार होती. कंपनीनं टीम पाठवली आणि त्या टीममध्ये होती फक्त बेब. साधारण तीन तासांत ती आठ प्रकारांत उतरली. गोळाफेक, भालाफेक, बेसबॉल फेक, लांब उडी आणि 80 मीटर अडथळा शर्यत तिनं जिंकली. उंच उडीत पहिल्या नंबरची बरोबरी झाली. एकटीचे गुण झाले 30. दुसऱ्या नंबरच्या क्लबकडे 22 खेळाडू होत्या आणि त्यांचे सगळ्यांचे मिळून 22.

आता गंमत बघा. ऑलिम्पिकमध्ये तिला तीनच प्रकारांत उतरता आलं, कारण बायकांसाठी तेवढीच मर्यादा होती. 1928 ला महिला 800 मीटर धावल्यानंतर एवढा गहजब झाला होता, की ती शर्यत थेट 1960 पर्यंत बंद राहिली. महिलांचं पेंटॅथलॉन आलं 1964 ला, हेप्टॅथलॉन 1984 ला. म्हणजे जी स्पर्धा जणू बेबसाठीच बनली होती, ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

(भारतीय महिला ॲथलीट ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर दिसल्या 1952 ला, हेलसिंकीत. त्यातली मुंबईची मेरी डिसूझा भारताकडून हॉकीही खेळली.)

लॉस एंजेलिसमध्ये बेबनं भालाफेकीत सुवर्ण घेतलं. अडथळा शर्यतीत तिची आणि एव्हलिन हॉलची वेळ सारखीच, 11.7 सेकंद. सुवर्ण बेबला मिळालं. उंच उडीत मात्र फासे उलटे पडले. बेब आणि जीन शायली दोघींनी 1.65 मीटर पार केले, तो विश्वविक्रम होता. पण बेबचं डोकं शरीराच्या आधी दांडीपलीकडे जातं म्हणून पंचांनी तिची निर्णायक उडी अवैध ठरवली. आधीपासून ती तशाच उड्या मारत होती, तेव्हा कुणाला खटकलं नव्हतं. तिला रौप्य मिळालं आणि तो नियम पुढे काढून टाकण्यात आला. तरीही धावणे, उडी आणि फेक या तिन्हींत वैयक्तिक ऑलिम्पिक पदकं मिळवणारी ती एकमेव खेळाडू आहे.

पण पदकांनी घर चालत नाही. त्याच डिसेंबरमध्ये एका कारच्या जाहिरातीत तिचा फोटो आला आणि ॲथलेटिक्स संघटनेनं तिला निलंबित केलं. कारण खेळाडू हौशीच हवा, पैशाला शिवलेला नको. नंतर निलंबन उठलं, पण तोवर तिनं व्यावसायिक व्हायचं ठरवलं होतं. तिनं रंगमंचावर कार्यक्रम केले, पुरुषांच्या टीममधून प्रदर्शनीय बेसबॉल खेळली. वय होतं एकवीस-बावीस, आणि ट्रॅकवरची कारकीर्द संपली होती.

मग तिनं गोल्फची काठी धरली. तिथेही 1935 मध्ये व्यावसायिक ठरवून हौशी स्पर्धांतून तिला बाहेर काढलं. हौशी दर्जा परत मिळाला 1943 ला. 1947 मध्ये ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन ठरली. 1950 मध्ये तेरा जणींनी मिळून महिला व्यावसायिक गोल्फची संघटना उभी केली, त्यात तीही होती. खेळून कमावण्याची सोय आता बायकांनी स्वतःच केली होती.

1953 ला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर पोटाला पिशवी लागली. पुढच्याच वर्षी, ती पिशवी लावूनच, तिनं यूएस विमेन्स ओपन तब्बल 12 फटक्यांच्या फरकानं जिंकली. कॅन्सर परत आला आणि 27 सप्टेंबर 1956 ला टेक्सासमधल्याच गॅल्व्हस्टनला ती गेली. वय होतं 45.