सीहोरची पाठशाळा आणि बापूदेव शास्त्री

भोपाळच्या पश्चिमेस सुमारे ३५-४० किलोमीटरांवर सीहोर हे गाव आहे. पूर्वी भोपाळ संस्थानाकडे पाहणारे इंग्रज पोलिटिकल एजंट तेथे राहत. १८३८ साली या गावी नागपूरहून सोळा-सतरा वर्षांचा एक मराठी तरुण शिकावयास आला. त्याचे नाव नृसिंह. काशीचे गणिती बापूदेव शास्त्री म्हणून पुढे प्रसिद्धीस आले ते हेच.

त्यांचा जन्म १८२१ चा. नागपुरात त्यांनी भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित वाचले होते. गणितातील त्यांची गती पाहून एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांनी त्यांना सीहोरच्या पाठशाळेत आणले. तेथे सेवाराम नावाच्या पंडितांकडे ते भूमिती शिकले.

या पाठशाळेची रीत आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुद्दाम पाहण्याजोगी आहे. पुराणांतली पृथ्वी सपाट, मध्ये मेरू, भोवती दुधातुपाचे समुद्र. अशा विद्यार्थ्यापुढे एकदम कोपर्निकसाचे मत मांडले तर तो ते परक्याचे म्हणून झिडकारणार, हे विल्किन्सनसाहेबांनी ओळखले. म्हणून त्यांनी भास्कराचार्यांनाच पुढे केले. मोठ्या वर्तुळाचा लहानसा तुकडा सरळ दिसतो, तशीच माणसाला पृथ्वी सपाट दिसते. आणि पृथ्वीला आधार मानला तर त्या आधारालाही दुसरा आधार हवा, हे त्या आचार्यांनी बाराव्या शतकातच दाखविले होते. त्यांच्याही मते पृथ्वी स्थिरच. पण विद्यार्थी गोल पृथ्वीपर्यंत आपल्याच शास्त्राचा हात धरून आला, की सूर्य मध्यभागी मानण्याचे एकच पाऊल उरे. १८३५ च्या सुमारास इंग्रजी शिकवावे की संस्कृत, यावर कलकत्त्यात मोठमोठे वाद चालले होते. सीहोरात मात्र जुन्यातून नव्याकडे जाणारी वाट मुकाट्याने तयार होत होती.

याच शाळेतील सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये पौराणिक, सैद्धांतिक आणि कोपर्निकसाचे अशी तिन्ही मते मराठी पुस्तकात शेजारी शेजारी मांडली. नवे ज्योतिष त्यांनी स्वीकारले, स्वधर्म मात्र सोडला नाही. ज्यांना भूगोल बदलला की अंतःकरणही बदलेल असे वाटत होते, त्यांची निराशा झाली असेल. पण खरे ते सांगितले पाहिजे. १८३९ मध्ये विल्किन्सनसाहेबांनी जातिभेदाचे खंडन करणारा वज्रसूची हा ग्रंथ छापला, तेव्हा सुबाजींनी त्याला दिलेले उत्तरही त्याच पुस्तकात छापले. शिष्याचा विरोध असा आपल्या हाताने छापणारे गुरू आम्हांस फार ठाऊक नाहीत.

१८४१ मध्ये साहेब वारले. त्यानंतर लवकरच बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागले, ते पुढे चाळीस वर्षांहून अधिक. हिंदीत त्यांनी बीजगणित लिहिले. साहेबांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासून शुद्ध केले आणि ते १८६१ मध्ये कलकत्त्यास छापून निघाले. १८७८ मध्ये सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला. निवृत्तीनंतर त्यांची जागा पंडित सुधाकर द्विवेदी यांच्याकडे गेली. शास्त्रीबुवा १८९० मध्ये वारले.